शाळेतल्या मुलींना लघुग्रह दिसला: शोध कधी धरतात, कक्षा कशी ठरते, नाव कोण देतं?

अंबाझरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आमच्या विज्ञान मंडळातल्या मुली यंदा आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोध मोहिमेत उतरल्या आहेत. हवाई बेटांवर हालेआकाला इथे पॅन-स्टार्स नावाची दुर्बीण आहे. ती आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो घेते. ते फोटो आमच्याकडे येतात आणि मुली ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागून एक पळवून बघतात. तारे जागचे हलत नाहीत, पण मधूनच एखादा फिकट ठिपका चारही फोटोंत सरळ रेषेत पुढे सरकलेला दिसतो. त्याची जागा मोजायची, तेजस्विता नोंदवायची आणि अहवाल पाठवायचा.

मुलींच्या दोन नोंदींना 'प्राथमिक' दर्जा मिळाल्याचं नुकतंच कळलं. वर्गात नुसता जल्लोष! मग एका स्थानिक बातमीत छापून आलं की नागपूरच्या मुलींनी ग्रह शोधला आणि त्याला त्यांचं नाव मिळणार. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरतंय. एका पालकांनी तर 'नाव नोंदवून मिळेल' म्हणणाऱ्या एका संकेतस्थळावर पैसे भरायची तयारी केली, त्यांना मी कसंबसं थांबवलं.

मुलींचा आनंद मला जराही कमी करायचा नाही. पण त्यांना खरं काय ते नीट समजलं पाहिजे. आत्ता त्यांच्या हातात नेमकं काय आहे? चार फोटोंवरून कक्षा कळते का? आणि नाव केव्हा, कुणी द्यायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, मी हा धागा वर्गात वाचून दाखवणार आहे.

तर्रीपोहा

मॅडम, आधी पोरींचं मनापासून अभिनंदन! आमच्या शाळेत विज्ञान मंडळ म्हणजे वर्षातून एकदा रमण विज्ञान केंद्राची सहल आन तारांगणाचा एक शो. आन या पोरी इथे बसून हवाईच्या दुर्बिणीचे फोटो तपासून राहिल्या! वाचतोय, लिहा बाप्पा सगळे.

ध्रुवमत्स्य

अभिनंदन. पायऱ्या सांगतो.

'प्राथमिक' म्हणजे त्या रात्री त्या जागी सरकणारं काहीतरी दिसलं आणि ते आधीपासून माहीत असलेल्या एखाद्या लघुग्रहाशी लगेच जुळलं नाही. एका रात्रीच्या नोंदीवर शोध मान्य होत नाही. सुमारे आठवडा-दहा दिवसांत दुसऱ्या रात्रीही तोच ठिपका कुणीतरी टिपावा लागतो. तसं झालं की अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला असलेलं मायनर प्लॅनेट सेंटर त्याला तात्पुरती संज्ञा देतं. जगभरच्या लघुग्रहांची सगळी निरीक्षणं याच एका ठिकाणी गोळा होतात.

संज्ञा कशी वाचायची ते मुलींना शिकवाच, त्यांना फार आवडेल. उदाहरण म्हणून २००६ व्हीपी३२ घ्या. सुरुवातीला वर्ष. त्यानंतरचं अक्षर पंधरवड्याचं: जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असं करत डिसेंबरच्या शेवटी वाय. आय हे अक्षर वगळतात, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम, त्यातही आय नाही, म्हणजे एकूण २५ अक्षरं. पी हे पंधरावं. आणि ३२ म्हणजे ती पंचवीस अक्षरं ३२ वेळा संपून गेली होती. ३२ गुणिले २५ म्हणजे ८००, अधिक १५. एका पंधरवड्यातली ८१५ वी नोंद! हा लघुग्रह पुढे कोण झाला ते नावांचा विषय निघाला की सांगतो.

त्यानंतर वर्षानुवर्षं निरीक्षणं जमतात, कक्षा पक्की होते आणि मग कायमचा क्रमांक मिळतो. शोधकर्ता कोण हेही अधिकृतपणे तेव्हाच ठरतं. मोहिमेतल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत याला साधारण ६ ते १० वर्षं लागतात.

अंबाझरी

६ ते १० वर्षं! म्हणजे आज आठवीत असलेली मुलगी तोवर कॉलेज संपवून बाहेर पडलेली असेल. इतका वेळ कशासाठी लागतो? आता कॉम्प्युटर आहेत, गणित तर क्षणात होत असेल ना?

कक्षावेडा

ताई, गणित क्षणातच होतं. वेळ लागतो तो आकाशाला. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

चार फोटो तासाभराच्या आतले असतात. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आपल्याला तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला दिसतो तेव्हा, दिवसाला जेमतेम पाव अंश सरकतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो अंशाच्या शंभराव्या भागाइतका हलतो. यातून दोनच गोष्टी कळतात: कुठल्या दिशेला आणि किती वेगाने. तो किती लांब आहे ते कळत नाही. जवळचा हळू जाणारा आणि लांबचा वेगाने जाणारा, दोघांचा ठिपका फोटोत सारखाच सरकतो. कक्षा सांगायला सहा आकडे लागतात: कक्षेचा आकार किती मोठा, ती किती लंबगोल, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी किती कललेली, तो कल कुठल्या दिशेला, सूर्याजवळचा बिंदू कुठे, आणि ठरलेल्या क्षणी लघुग्रह त्या वाटेवर नेमका कुठे. तासाभरात त्याची वाट इतकी थोडी उलगडते की तिचा बाक दिसतच नाही.

हा पेच पहिल्याच लघुग्रहापासून आहे. १ जानेवारी १८०१ ला सिसिलीतल्या पालेर्मोला जुझेप्पे पियाझ्झींना सेरेस दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी तो टिपला, मग ते आजारी पडले आणि सेरेस सूर्याच्या झगमगाटात गेला. तो पलीकडे बाहेर पडेल तेव्हा शोधायचा कुठे, हे कुणालाच सांगता येईना. गाउस या २४ वर्षांच्या गणितज्ञाने त्या तुटपुंज्या नोंदींवरून कक्षा बांधली आणि वर्षअखेर ३१ डिसेंबरला खगोलशास्त्रज्ञ फॉन त्साख यांना सेरेस गाउसने सांगितल्या जागेच्या जवळच सापडला. माझ्या मते सेरेसचा शोध त्या दिवशी पुरा झाला. जानेवारीत तो दिसला होता. दिसलेलं पुन्हा ठरल्या जागी दाखवता आलं तेव्हा तो आपला झाला.

उलट उदाहरणही घ्या. ७१९ आल्बर्ट हा लघुग्रह १९११ मध्ये व्हिएन्नात योहान पालिसांना दिसला. पुरेशी निरीक्षणं झाली नाहीत आणि तो हरवला. त्याला क्रमांक होता, नावही होतं, पण तो कुठे आहे ते माहीत नव्हतं. २००० साली तो पुन्हा हाती लागला, तब्बल ८९ वर्षांनी. नाव घाईने देऊन काही साधत नाही, हे यावरून मुलींना लगेच पटेल.

आता आपल्या जवळचं उदाहरण, आणि हे वर्गात नक्की सांगा. नॉर्मन पॉगसन हे मद्रास वेधशाळेत सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून १८६१ मध्ये आले आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांनी तिथून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून नाव ठेवलं 'आशिया', क्रमांक ६७. तेव्हा फोटोग्राफी या कामाला आली नव्हती. दुर्बिणीला डोळा लावायचा, ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवायचा आणि नकाशात नसलेला तारा दिसला की दुसऱ्या रात्री तो हलला का ते पाहायचं. आपल्या मुली स्क्रीनवर जे करतात ते हेच काम आहे.

आशियाची कक्षा आज अगदी पक्की आहे. सूर्यापासून सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वीच्या अंतराच्या जवळपास अडीच पट. सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा १.९७, सर्वांत लांब जातो तेव्हा २.८७. कक्षेचा कल सुमारे ६ अंश. केप्लरचा तिसरा नियम मुलींना इथेच करायला लावा: २.४२ चा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, उत्तर येतं सुमारे ३.७७. तेवढ्या वर्षांत आशियाची सूर्याभोवती एक फेरी होते. आकार म्हणाल तर नागपूरहून भंडारा जेवढं लांब, जवळपास तेवढा त्याचा व्यास. स्वतःभोवती फिरायला त्याला सुमारे १६ तास लागतात.

आता वेळेचं कोडं. पृथ्वी वर्षात एक फेरी मारते, आशिया ३.७७ वर्षांत. पृथ्वी त्याला मागून गाठते ती सुमारे १६ महिन्यांनी. तेव्हा तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो, रात्रभर दिसतो आणि सर्वांत तेजस्वी असतो. हीच प्रतियुती. मधला बराच काळ तो सूर्याच्या बाजूला किंवा फार फिकट. तुमच्या मुलींचा ठिपका पट्ट्यात कुठेही असला तरी त्याच्या दोन प्रतियुत्यांमध्ये साधारण १५ ते १७ महिने जाणार. क्रमांकासाठी सहसा निदान चार प्रतियुत्यांमधली निरीक्षणं लागतात. मधे एखादी ढगांत गेली, एखाद्या वेळी ठिपका आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांत हरवला, की आणखी सव्वा वर्ष. घाई करून ग्रह लवकर येत नाही.

ध्रुवमत्स्य

कक्षावेडा, सुंदर. एक भर घालतो. हा काळ कमी करायची एक वाट आहे. कक्षा थोडीफार कळली की जुन्या फोटोंत मागे जाऊन बघतात, कारण तोच ठिपका पाच-सात वर्षांपूर्वीच्या एखाद्या फोटोत कुणाच्या लक्षात न येता पडलेला असू शकतो. तो जुळला तर एका फटक्यात निरीक्षणांचा काळ कित्येक वर्षांनी वाढतो. मात्र त्याच शोधात असंही निघू शकतं की हा आधीच संज्ञा मिळालेला कुणीतरी आहे. मुलींना याची कल्पना आत्ताच द्या.

आणि पॉगसन यांचं आणखी एक काम. तेजस्वितेची जी प्रत आपण वापरतो, पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट प्रकाश आणि एका प्रतीचा २.५१२ पट, ती मोजपट्टी त्यांनीच १८५६ मध्ये सुचवली. मुली अहवालात ठिपक्याची जी प्रत लिहितात ती त्याच मोजपट्टीवरची.

हिंगणघाटवाला

मद्रास वेधशाळेचं नाव निघालं म्हणून. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रेखांश मोजले गेले ते मद्रास वेधशाळेपासून. ते सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना आमच्या हिंगणघाटला वारले, त्यांची कबर इथेच आहे. नागपूर आणि मद्रास यांच्या रेखांशांत जेमतेम सव्वा अंशाचा फरक. म्हणजे पॉगसन यांच्या दुर्बिणीसमोर जो तारा माथ्यावरची रेषा ओलांडायचा तो पाचेक मिनिटांनी आपल्याकडे ओलांडतो. झीरो माइलजवळून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हे माहीत असावं असं मला फार वाटतं.

तर्रीपोहा

मस्त ना! पण एक विचारतो. आमच्या आजीनं बातमी ऐकली आन तिचा पहिला प्रश्न, "हा आपल्यावर पडणार तं नाही ना?" तिले काय सांगू?

लोणारकाठ

आजींना सांगा, निश्चिंत राहा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातले बहुतेक लघुग्रह अब्जावधी वर्षं आपल्या वाटेवर आहेत. आशियाच घ्या. सूर्याच्या सर्वांत जवळ असतानाही तो पृथ्वीच्या कक्षेपासून जवळपास एक खगोलीय एकक, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर बाहेर असतो.

पण पट्ट्यात काही रिकाम्या जागा आहेत. डॅनियल कर्कवूड यांनी त्या एकोणिसाव्या शतकात दाखवल्या. सूर्यापासून २.५ एककांवर असलेल्या दगडाच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात गुरूची बरोबर एक होते. गुरूचा हिसका दर वेळी त्याच ठिकाणी बसत राहतो, कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी तो दगड पट्ट्यातून बाहेर पडतो. पृथ्वीजवळ येणारे बरेचसे दगड अशा वाटांनी येतात. आशिया २.४२ वर, म्हणजे या रिकाम्या जागेच्या अलीकडे, सुरक्षित.

आमचं लोणार असाच एक दगड आदळून झालं. काळ्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. विदर्भातल्या मुलांना लघुग्रह शिकवायचे असतील तर एक सहल तिकडेही काढा, मॅडम.

गोकुळपेठ

नावाबद्दल मी लिहिते. त्या संकेतस्थळापासून पालकांना वाचवलंत हे फार चांगलं केलंत. लघुग्रहाचं नाव पैसे देऊन मिळत नाही, कुणालाही नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघाची एक समिती नावं मंजूर करते आणि त्यांच्या पत्रिकेत ती प्रसिद्ध होतात. त्याखेरीज जे काही प्रमाणपत्र मिळेल ते नुसता कागद.

क्रमांक मिळाला की शोधकर्त्याला नाव सुचवायचा मान मिळतो आणि तो १० वर्षं राहतो. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांपर्यंत, शक्यतो एकच शब्द, उच्चारता येईल असं, कुणाला लागणार नाही असं, आधीच्या नावाशी गोंधळ होणार नाही असं. व्यापारी जाहिरात चालत नाही. पाळीव प्राण्यांची नावं समितीला नकोशी वाटतात. राजकारण किंवा लष्करी कामगिरीसाठी ओळखली जाणारी व्यक्ती असेल तर मृत्यूनंतर १०० वर्षं लोटावी लागतात. हा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नावासोबत ते का दिलं याचा छोटा मजकूरही द्यावा लागतो आणि तो कायम नोंदीत राहतो.

एकंदरीत बघा: क्रमांक मिळालेले लघुग्रह आठ लाखांच्या वर गेलेत आणि नाव मिळालेले त्यातले जेमतेम पंचवीस हजारांच्या घरात. बाकीचे सगळे आकड्यांवरच फिरताहेत.

ध्रुवमत्स्य यांचा २००६ व्हीपी३२ म्हणजे पंडित जसराज, बरोबर ना? क्रमांक ३००१२८, नाव 'पंडितजसराज' असं सलग. २०१९ मध्ये जाहीर झालं. पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०. ती २८-०१-३० अशी लिहा आणि वर्ष, महिना, दिवस अशा उलट्या क्रमाने वाचा, क्रमांक तोच येतो. ही बातमी ऐकली त्या दिवशी मी घरी दिवसभर त्यांचंच गाणं लावून ठेवलं होतं.

ध्रुवमत्स्य

हो, तेच! आणि आपल्या देशातून झालेल्या शोधांचं म्हणाल तर पॉगसन यांनी मद्रासहून शेवटचा लघुग्रह १८८५ मध्ये शोधला, २४५ व्हेरा. त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं भारताच्या भूमीवरून एकही नाही. १७ फेब्रुवारी १९८८ ला तमिळनाडूतल्या कावलूरहून राजामोहन आणि सहकाऱ्यांनी पुढचा शोधला. क्रमांक ४१३०, नाव रामानुजन. गणितज्ञ रामानुजन, अर्थातच.

मद्रासच्या शोधांपैकी ८७ सिल्व्हिया आणि १०७ कॅमिला यांना प्रत्येकी दोन चंद्र आहेत. सिल्व्हिया तर दोन चंद्र असलेला पहिलाच माहीत झालेला लघुग्रह, २००५ मधली गोष्ट. पॉगसन यांनी तो १८६६ मध्ये शोधला तेव्हा त्यांना फक्त एक ठिपका दिसला होता.

सिल्लारी_रात्र

मुलींना खऱ्या आकाशाखालीही न्या. शहरात वर्धा रोडच्या दिव्यांत काही दिसत नाही, पण पेंच जवळ आहे. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोडा आणि आजूबाजूच्या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे बसवलेत, वाघोड्याला निरीक्षणासाठी जागाही आहे. पावसाळा सरला की जा.

आशिया नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, चांगल्या प्रतियुतीतही तो दहाव्या-अकराव्या प्रतीच्या आसपास असतो. पण सहा-आठ इंची दुर्बिणीतून दिसेल. एका रात्री भोवतालच्या ताऱ्यांचं चित्र काढून घ्या, दुसऱ्या रात्री पुन्हा काढा. कुठला ठिपका हलला ते ज्या मुलीने स्वतः काढलंय तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

संत्राबाग

मला एक काळजी वाटते. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिली चित्रं दाखवली, त्यात दहाएक तासांच्या निरीक्षणांत २१०४ नवे लघुग्रह निघाले. मग शाळेतल्या मुलींसाठी काय उरणार?

कक्षावेडा

नवा ठिपका पहिल्यांदा पाहायची संधी कमी होईल, हे खरं. पण मुली जे शिकतात ते जागा अचूक मोजणं, खोटा ठिपका ओळखणं आणि शंका असेल तर नोंद न पाठवणं. कॅमेऱ्यातला दोष किंवा वैश्विक किरणाचा ओरखडाही हलल्यासारखा दिसतो. चारही फोटोंत सरळ रेषा, सारखा वेग, जवळपास सारखी प्रत, हे सगळं तपासून 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली नागपुरात आहेत, याचा मला अभिमान वाटतो. तो नावावर अवलंबून नाही.

अंबाझरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तासाला धागा वाचून दाखवला. आल्बर्टची गोष्ट ऐकताना वर्ग अगदी चिडीचूप होता. केप्लरचं गणित फळ्यावर एका मुलीने केलं आणि ३.७७ आल्यावर टाळ्या पडल्या. बातमीत चूक काय होती ते मुलींनी स्वतःच सांगितलं आणि पालकांसाठी चार ओळींचं निवेदनही त्यांनीच लिहिलं: 'आम्हाला एक सरकणारा ठिपका दिसला आहे, तो नवा आहे की नाही ते अजून ठरायचं आहे, आम्ही त्याच्या मागावर आहोत.'

नावावर मात्र जोरात वाद झाला. एक गट म्हणतो नाग नदी. दुसरा गट म्हणतो आधी क्रमांक येऊ दे.

एक शेवटचं विचारते. दुसऱ्या रात्रीचं निरीक्षण झालं आणि संज्ञा मिळाली, तर पुढे मुलींनी घरबसल्या लक्ष कसं ठेवायचं?

कक्षावेडा

सोपं आहे, ताई. मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर संज्ञा टाकली की आजवर कुणी कुणी, कुठून आणि कधी निरीक्षण केलं त्याची यादी मिळते, आणि पुढच्या महिन्यांत तो आकाशात कुठे असेल तेही. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या लघुग्रह सूचीत प्रत्येक कक्षेपुढे ० ते ९ असा एक अंक असतो. ९ म्हणजे कक्षा फार अनिश्चित, ० म्हणजे पक्की. नव्या ठिपक्याचा अंक सुरुवातीला मोठा असतो आणि प्रत्येक प्रतियुतीनंतर उतरत जातो.

मंडळाची एक वही करा, त्यात दर महिन्याला तारीख, निरीक्षणांची संख्या आणि हा अंक लिहायचा. दहावी झाल्यावर मुलींनी ती पुढच्या तुकडीकडे द्यावी. आणि संज्ञा मिळाली की इथे कळवा, पुढची प्रतियुती कधी ते आपण सगळे मिळून काढू.